कोऱ्या शेवटाची भेटप्रत

मी एका कादंबरीची भेटप्रत बोलतेय. पहिल्या पानावर जांभळा शिक्का आहे बघा: 'अभिप्रायार्थ सप्रेम भेट'. शिक्का जरा तिरका पडलाय. नशीबही तसंच.

माझा जन्म बांधणीखान्यात झाला. तिथे सरसाचा वास आणि कागदाची कात्रणं इतकी, की कुणी शिंकलं तर खोलीत हिमवर्षाव व्हायचा. मुकादमाने मला चाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. शेवटच्या सोळा पानांवर शाई उमटलीच नव्हती. माझ्या गठ्ठ्यातल्या बहिणींचीही तीच गत.

"रद्दीत टाकू?" बांधणाऱ्या बाईने विचारलं.

"वेडी का काय! फुकट वाटायच्या प्रती काढायच्यात ना? त्यांत घाल. फुकटचं पुस्तक शेवटपर्यंत कोण वाचतंय?"

अशी मी जगात आले. माझ्या गोष्टीत दीपगृहाचा म्हातारा रखवालदार आहे. त्याची धाकटी बहीण भांडून निघून गेलेली. एका धुक्याच्या संध्याकाळी दार वाजतं, तो कडी काढतो आणि... पुढे सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात मी स्वप्नं बघायची. कधी दारात बहीण असे. कधी खुद्द समुद्रच पाहुणा आलेला, पायपुसण्यावर लाटा पुसत उभा. एकदा तर देवमासा छत्री मिटून आत आला. कागदाशपथ!

मी जिच्या घरी आले ती बाई पुस्तकांवर ब्लॉग लिहिते. नवरा तिला लाडाने 'वाळवी' म्हणतो. एके काळी दूध उतू गेलं तरी हिच्या हातातलं पुस्तक खाली यायचं नाही. मग फुकट प्रती येऊ लागल्या आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. पण त्या थांबेचनात. पलंगाखाली पुस्तकं, धुण्याच्या मशीनवर पुस्तकं. नवऱ्याला आंघोळ करायची तर आधी दोन चरित्रं आणि एक प्रवासवर्णन बादलीवरून उचलावं लागे. फ्रिज उघडला की कवितासंग्रह अंगावर येत, थंडगार.

आणि प्रत्येकामागे तगादा. "वाचलंत का?" "चार ओळी टाका ना." "जरा चांगलंच लिहा हं, पहिलंच पुस्तक आहे." एक लेखक तर अभिप्राय स्वतःच लिहून घेऊन आला. फक्त हिचं नाव खाली घालायचं बाकी होतं!

"अहो, मला आता पुस्तक दिसलं की पळून जावंसं वाटतं," एका दुपारी ती नवऱ्याला म्हणाली. "वाचनच सोडते."

"वाळवीने लाकूड सोडलं तर खाणार काय?"

"चेष्टा नको. पान उघडलं की आधी अभिप्रायातलं वाक्य सुचतं. गोष्ट ऐकूच येत नाही मला."

कपड्यांच्या घड्या घालता घालता नवरा थांबला. डुगडुगत्या टेबलाच्या पायाखालून त्याने मला ओढलं. "मग एवढा एक अभिप्राय देऊन टाक आणि हो मोकळी."

तिने मला मांडीवर घेतलं, पण उघडलं नाही. आधी इतरांनी काय लिहिलंय ते फोनवर पाहिलं. माझ्या बहिणी ज्यांच्याकडे गेल्या होत्या, त्या सगळ्यांचं एकमत: 'शेवट हेलावून टाकतो.' हिनेही तेच लिहायला घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, निदान शेवट बघावा म्हणून मागून पानं उलटली.

पांढरं. अजून एक पान. पांढरं.

आधी ती हसली. मग शाई जिथे संपते तिथवर आली आणि थबकली. "दारात कोण आहे?" ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने मला पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. उन्हाचा कवडसा भिंतीवरून जमिनीवर उतरला, तरी तिने मान वर केली नाही. गॅसवर चहा आटून गेला.

प्रकाशकाचा फोन आला. "मॅडम, तुमचंच राहिलंय."

"शेवटची सोळा पानं कोरी आहेत हो."

"कोरी? अहो, पण बाकीच्यांनी शेवटाचं केवढं कौतुक केलंय!"

"तेच म्हणते मी."

प्रकाशक खाकरला. "दुसरी प्रत पाठवतो."

"नको. पाठवाल, आणि परत मागे लागाल."

ती चपला घालून बाहेर पडली. परतली तेव्हा हातात माझीच बहीण होती, दुकानातून विकत आणलेली, अंगाने धडधाकट. माझं धाबं दणाणलं. आता माझी रवानगी रद्दीत!

पण तिने मला परत मांडीवर घेतलं आणि बहिणीची शेवटची पानं मोठ्याने वाचायला लागली. मोरीतून नवरा हात पुसत आला आणि दाराला टेकून राहिला. मी माझाच शेवट पहिल्यांदा ऐकत होते. देवमासा नव्हता त्यात. त्याहून साधं होतं, आणि त्याहून मोठं.

वाचून झालं तेव्हा तिने बहिणीला अलगद मिटून माझ्याशेजारी ठेवलं.

"आता लिहिशील ना?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"थांबा हो. मला आधी परत वाचायचंय."

धडधाकट बहीण तिच्या नणंदबाईंनी वाचायला नेली ती नेलीच. मी अजून इथे, उशीपाशी आहे. बाई छापील पानं वाचते, आणि कोरी आली की डोळे मिटून शेवट तोंडपाठ म्हणते. दारात कोण होतं? ते काही मी सांगायची नाही. तुम्ही वाचा. आम्ही फुकट आलो असू, नाहीतर विकत, पण एकदा शेवटपर्यंत या.

बरं, पुरे करते. बाई चष्मा पुसत इकडेच येतेय, आणि कुणी वाचत असताना आपण बडबडणं बरं दिसत नाही.