पहिल्या क्रमांकाची कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी आमरी आहे. रोपवाटिकेत मला ऑर्किड म्हणतात. त्याने भाव वाढतो.

माझा जन्म उंच झाडाच्या फांदीवर झाला. आमचं बी धुळीइतकं बारीक असतं. आईने त्याला शिदोरी बांधून दिलेली नसते, म्हणून खोडावरची एखादी बुरशी हाताला धरते तेव्हा कुठे ते रुजतं. माझी मुळं हवेत लोंबतात. त्यांच्यावर टिपकागदासारखं पांढरं आवरण असतं. ते पाणी शोषून घेतं आणि मुळं हिरवी दिसू लागतात. मी झाडावर बसते, झाडाचं खात नाही.

हे सगळं मला वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी शिकवलं. म्हणजे त्या वर्गाला शिकवत; रानातून आणून वर्गाच्या खिडकीत ओंडक्याला बांधलेली मी ऐकत असे. "मातीत घातलंत तर गुदमरेल हं बिचारी," हे सांगताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा. मला वाटलं, आपलं नशीब थोर.

निवृत्त झाल्यावर बाईंनी मला घरी नेलं. त्या वर्षी मला जांभळ्या फुलांचा तुरा आला आणि शहरात पुष्पप्रदर्शन भरलं. समितीचा नियम असा, की रोप मातीने भरलेल्या कुंडीतच हवं. बाईंनी माती कालवली, न मावणारी मुळं कात्रीने कापली आणि उरलेली दाबून बसवली.

"अगं, तूच ना सांगायचीस, गुदमरते म्हणून?" त्यांचे यजमान म्हणाले.

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. परीक्षकांना काय कळतंय मुळांतलं?"

"त्यांना नाही गं, हिला कळतंय."

"तुम्ही गाडी काढा."

पहिला क्रमांक आला. कुंडी थेट दिवाणखान्यात गेली, कारण शेजारच्या वहिनींना बघायची होती. मग बाईंच्या नणंदेला. मग ज्यांना बघायची नव्हती त्यांनाही. फुलं गळाली तरी पाणी रोज मिळत होतं, अगदी मायेने. आत माझी मुळं एकेक करून कुजत होती.

काल एक नवं मूळ हवा शोधत कुंडीच्या काठावर आलं.

"आता तरी काढ तिला बाहेर," यजमान म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून, वाकून पाहिलं. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"पुढच्या आठवड्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनी यायच्यात. कुंडीतच बरी दिसते," असं म्हणत त्यांनी ते मूळ बोटाने अलगद मातीत खोचलं.

मित्रांनो, ज्याला काही माहीत नाही, त्याच्यावर मी रागावत नाही. तुम्हाला आता माहीत झालं आहे. तेव्हा मातीत पुरलेली आमरी कुठे दिसली, तर कौतुक नंतर करा, आधी तिला बाहेर काढा. बक्षीस काही कोणी परत मागत नाही.