मुठीवरची अर्धी वेल

मोठेबाबा दिसण्याआधी ऐकू येत. आश्विनातल्या कोरड्या उन्हात, मेहकरच्या आमच्या घराच्या उंबऱ्याशी, लोखंडावर कानस फिरावी तसे त्यांचे खाकरणे उमटे आणि माझी आई पदर पुढे ओढून भिंतीआड सरके. ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आईचे भासरे. धाकट्याच्या बायकोने भासऱ्यापुढे बोलायचे नाही, त्यांनीही तिला हाक मारायची नाही, ही आम्हा सोनारांच्या घरातली रीत. ते खाकरत, ती सरके; उभ्या आयुष्यात त्या दोघांचे एवढेच संभाषण झाले.

मोठेबाबांचे हात मात्र सुंदर होते, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. तलवारीच्या लोखंडी मुठीवर ते सुरीने आडवेउभे बारीक ओरखडे पाडीत, केसासारखी सोन्याची तार त्यांवर वळवून हलकेच ठोकीत, गुळगुळीत दगडाने घोटीत. आणि काळ्या रानात करडई फुलावी तशी लोखंडातून वेल उगवे. त्या हातांना वेल कळे, माणूस कळत नसे.

आजोबांनी घडवलेली एक मूठ घरात होती. वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताकडे गेला त्या सुमारास, परवान्याअभावी तिचे पाते सरकारजमा झाले. मूठ उरली आणि दसऱ्याला पुजली जाऊ लागली. आई नवी नवरी असताना, पहिल्याच दसऱ्याला, तिने ती पितळेच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून घासली. विचारणार कोणाला? वडील बाजाराला गेलेले, समोर ओसरीवर फक्त भासरे. अर्धी वेल राखेत निघून गेली. मोठेबाबा पाहत होते. खाकरले नाहीत.

पुढे दर दसऱ्याला ती मूठ उघडी बाजू वर करून पाटावर मांडली जाई, आणि सोने द्यायला आलेल्या प्रत्येकाला ते दाखवीत, "पाहा आमच्या लहान्याच्या बायकोची कारागिरी! गडवा समजून घासला!" पाहुणे हसत. भिंतीआड आईला ते ऐकू येई.

शेवटच्या आजारात आई मला म्हणाली, "त्यायले म्हनाव, तेवढी वेल भरून टाका. मंग माहं मन मोकळं होईल."

मी ओसरीवर गेले. "मोठेबाबा, तुमाले दिसत होतं. काऊन नाही अडवलं तिले?"

"भावाच्या बायकोसंग बोलतात का, पोरी?"

"खाकरता तर आलं असतं."

त्यांनी हातातली कानससुद्धा खाली ठेवली नाही. "तार नाही माह्याजवळ," ते म्हणाले.

आई तशीच गेली. या वर्षी तेही गेले. आणि गेलेल्यांविषयी चांगले बोलावे असे सगळे मला सांगतात. त्यांची हत्यारांची पेटी मी उघडली. तळाशी, दसऱ्यामागून दसऱ्यांचे हळदकुंकू थराथराने साचलेल्या फडक्यात, तार होती. मुठीच्या उघड्या भागावर धरून पाहिली. पुरून उरली असती.

मी ती वेल भरून घेणार नाही. उंबऱ्याशी आता कोणी खाकरत नाही, भिंतीआड सरकायलाही कोणी नाही. काळ सोने घासून नेतो, पण सोने धरण्यासाठी लोखंडाला पाडलेले ओरखडे त्याला नेता येत नाहीत. आणि माझ्यापुरते मोठेबाबा त्या ओरखड्यांएवढेच उरले आहेत.