वाकडा ठरवलेला छज्जा

मी एक जुना छज्जा आहे, मित्रांनो. घराचा नव्हे, गाडीचा. उन्हाची तिरीप अडवण्यासाठी पुढच्या काचेवर, टोपीच्या पट्टीसारखा, जो फायबरचा भाग बसवतात, तो मी. माझ्या डाव्या टोकाला दीड बोट रुंदीचे, रंग न दिलेले ठिगळ आहे. ते पाहून पुष्कळ जण हसतात. हसण्याआधी ऐकून घ्या. मी हे रागाने सांगणार आहे, आणि तो राग मला लपवायचा नाही.

माझा जन्म साच्यात झाला. काचतंतूंची चटई, तिच्यावर रेझिन, पुन्हा चटई, असे माझे चार थर आहेत. मला घडवणारा कारागीर छोटा रूळ फिरवून एकेक बुडबुडा बाहेर काढी. "बुडबुडा राहिला की तिथंच तडा जातो," असे तो स्वतःशीच पुटपुटत असे. साच्यातून काढल्यावर त्याने माझ्यावर पाणसळ ठेवली, दोन्ही कर्ण मोजले आणि म्हटले, "सुतात आहे." मित्रांनो, सुतात म्हणजे अगदी सरळ; हे दोन शब्द लक्षात असू द्या.

पुढची अकरा वर्षे मी एका मालट्रकवर काढली. ट्रक मोडीत निघाला आणि मी भंगारवाल्याच्या कुंपणाला टेकून पडलो. तिथून मला गाड्यांचे पत्राकाम करणाऱ्या एका गॅरेजवाल्याने उचलले. त्याला सगळे धाकटा म्हणत. त्याची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, पूर्वी शिवणकाम करी. आता ती एक जुनी व्हॅन चालवून धुलाईघरातल्या स्वच्छ चादरी दोन रुग्णालयांत पोहोचवत असे.

तिची व्हॅन दोन वर्षांपासून डावीकडे ओढत होती. ती तसे सांगे, तेव्हा धाकटा हसून म्हणे, "गाडी ओढत नाही गं, तूच ओढतेस. डोळे दमलेत तुझे. समोरून ऊन आलं की हात डावीकडे जातो तुझा."

डॉक्टरांनी दोनदा तपासले. डोळ्यांत दोष नव्हता. "डॉक्टर काय गाडीत बसून बघतात?" असे म्हणून धाकट्याने तेही उडवून लावले. हळूहळू ताईचाच स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला. चारचौघांत सुईत दोरा ओवायचे तिने सोडून दिले. अखेर असे ठरले, की छज्जा बसवून पाहायचा, आणि तरीही गाडी ओढली तर ताईने चावी खाली ठेवायची.

"तुझ्यापायी कुणाचा जीव जायला नको, ताई," तो म्हणाला. ती मान खाली घालून "बरं" म्हणाली. एका बाईचे चालवणे, तिचा मान, सारे माझ्यावर येऊन ठेपले होते.

मी व्हॅनपेक्षा वीतभर रुंद होतो. मला कापावे लागणार, हे मला मान्य होते. पण कापण्याची एक रीत असते. धाकट्याने काचेच्या उजव्या अर्ध्या भागावर कागद ठेवून कड आखली, मधोमध घडी घातली आणि डावा भाग त्याच घडीवरून कापला. डावी बाजू मोजलीच नाही! मग त्या कागदाबरहुकूम माझ्यावर ग्राइंडर चालवला.

मला काचेवर धरले. उजवीकडे मी चपखल बसलो. डावीकडे माझे टोक काचेच्या कडेच्या खांबावर चढून राहिले.

"छज्जाच वाकडा आहे," धाकट्याने निकाल दिला.

मी वाकडा! ज्याचे कर्ण मोजून झाले होते, तो मी! त्याने डाव्या टोकाचा दीड बोट भाग घासून उडवला. मग रबरी वॉशर न घालता स्क्रू आवळायला घेतले. तिसऱ्या स्क्रूला मला तडा गेला.

"अरे, थांब," ताई म्हणाली. ती चार पावले मागे सरून पाहत होती. "कागद दोन्ही बाजूंनी काढलास?"

"एका बाजूनं काढून घडी घातली. दोन्ही बाजू सारख्याच असतात की."

"माणसाचे दोन खांदे सारखे नसतात रे. मी कधी घडीवर बाही कापली नाही."

"हा काय झबल्याचा कपडा आहे?"

"मग टेप लावायला काय हरकत आहे?"

तिने जुन्या सवयीने गळ्यात अडकवलेली टेप काढली. काचेच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. मग पुन्हा मोजले. दीड बोटाचा फरक होता. ती गाडीत गेली, तिथे ठेवलेल्या शिवणाच्या डब्यातून टाचण्या गोळा करायचे लोहचुंबक घेऊन आली आणि ते उजव्या खांबाला लावले. टच्चकन चिकटले. डाव्या खांबाला लावले. ते घसरले आणि जमिनीवर पडले.

पत्र्याच्या जागी तिथे बोटभर जाडीची पुट्टी होती. वरून सुरेख रंग.

"दोन वर्षांपूर्वी गाडी तू आठवडाभर नेली होतीस," ताई म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "कुठं ठोकलीस?"

"सांगणारच होतो गं."

"कधी? माझे डोळे काढून झाल्यावर?"

"तू रागावशील म्हणून..."

"दोनदा डॉक्टरकडे नेलंस मला! हात धरून नेलंस! आणि सगळं माहीत असून शेजारी बसून राहिलास?"

धाकट्याने खाली पडलेले लोहचुंबक उचलून तिच्या हातात दिले. ताईकडे पाहण्याची त्याची छाती झाली नाही.

त्यानंतर चार दिवस ताई गॅरेजात स्टूल टाकून बसली. त्याने पुट्टी खरवडली, खांब ओढून जागेवर आणला, त्याच धडकेत सरकलेला, गाडीला डावीकडे ओढणारा पुढच्या चाकाचा आस सरळ केला. प्रत्येक मापाला ताईची टेप आधी लागे, त्याची नंतर. माझा तडा आतून चटई आणि रेझिन लावून सांधला, कापलेल्या कडा बंद केल्या, भोके किंचित मोठी करून रबरी वॉशर घातले. पण खांब सरळ झाल्यावर मी डावीकडे बरोबर दीड बोट अपुरा पडलो. जे त्याने वाकडे म्हणून उडवले होते, तेच पुन्हा जोडावे लागले.

"रंग मारून देतो, दिसणार नाही," धाकटा म्हणाला.

"खबरदार! रंग मारण्यात हात बसलाय तुझा. राहू दे दिसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अगदी समोर होते. मी ते अडवले. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताईने क्षणभर स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी रेघेसारखी सरळ गेली. शेजारी बसलेला धाकटा म्हणाला, "बघ, किती छान चालते!"

ताईने गाडी कडेला घेतली, थांबवली आणि म्हणाली, "उतर." तो उतरला. तेथून गॅरेज बरेच लांब होते.

मित्रांनो, हातात ग्राइंडर घेण्याआधी दोन्ही बाजू मोजा. एखादी वस्तू बसत नसेल, तर वाकडी ती आहे की तुमची चौकट, हे आधी तपासा; माणसांच्या बाबतीत तर दोनदा तपासा. घासून उडवलेले परत जोडता येते, पण सांधा राहतो. गॅरेजासमोरून जाताना ताई गाडीचा वेग मुद्दाम कमी करते. धाकटा मान वर करतो, माझे ठिगळ पाहतो आणि मान खाली घालतो. मला अजून त्याची दया आलेली नाही.