बिब्बा प्यालेले खांब

साखळीला हिसका बसला, पण खांब हलला नाही. उलट जेसीबीच पुढं झुकली.

"काका, ह्याचं बूड पाताळात हाय का काय?" ड्रायव्हर उमाशंकर वरून म्हणाला.

गेल्या साली रामकिशननं शेताच्या तीन बाजूंना सिमेंटचे खांब रोवले होते. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या कळपानं एका धडकेत त्यांचे तुकडे केले आणि फुलोऱ्यातला हरभरा फस्त केला. औंदा कुंपण टिकलं नाही, तर हे रान पडीक टाकण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून चारी बाजूंना लोखंडी अँगल लावायचे त्यानं ठरवलं, आणि नाल्याकडचे बारा जुने लाकडी खांब काढायला घेतले. चाळीस वर्षांचं लाकूड ते, मातीखाली वाळवीनं भुसा करून ठेवला असणार, असं तो धरूनच चालला होता.

चौथ्या हिसक्याला खांब निघाला. रामकिशननं बुडाची माती पुसली. वाळवीचा मागमूस नव्हता. बूड काळंभोर, गुळगुळीत. विळ्यानं टवका काढला, तर आतलं खैराचं लाकूड कालच कापल्यासारखं लालभडक. त्यानं तो टवका किती वेळ तळहातावर धरून ठेवला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"कुनी रोवले हो हे?" उमाशंकरनं खाली उतरून विचारलं.

"पंढरीनं. आमचा सालगडी व्हता."

पंढरी वारून दहा वर्षं झाली होती. त्याची बायको धुरपताबाई बुद्धविहारामागं राहायची. रामकिशन तिच्या अंगणात आजवर कधी गेला नव्हता. आज टवका मुठीत धरून गेला. ती तूर पाखडत बसली होती. तिनं टवका नाकाशी नेला, डोळे मिटले.

"बिब्बा," ती म्हणाली. "आजून वास हाय बग."

"कसं केलं व्हतं, माय?"

"बूड आरावर भाजायचं, वरून कोळसा होस्तोर. मंग गरम हाय तवरच बिब्ब्याचं तेल पाजायचं. बाराच्या बारा खांबांला त्यायनं हातानं चोळून पाजलं. पर बिब्बा उतला. कोपरापस्तोर फोड आले. महिनाभर मी घास भरवला."

रामकिशनला चिंध्या गुंडाळलेले ते हात दिसले. तेव्हा तो बारा वर्षांचा होता. पळत घरी जाऊन त्यानंच सांगितलं होतं, पंढरीला महारोग झालाय. दुसऱ्या दिवशी वडलांनी ओसरीवरूनच, लांबून, पंढरीला कामावरून काढलं. गावात कुणी काम देईना, तेव्हा नवराबायको नांदेडकडं वीटभट्टीवर गेली. परत आली ती म्हातारपणी.

"बिब्बा हाय म्हनून त्यायनं सांगितलं न्हाई का?"

"सांगितलं की. दोनदा सांगितलं. ऐकू यील इतक्या जवळ कुनी आलं न्हाई."

"माय, घरी मीच सांगितलं व्हतं."

"ठावं हाय."

ती पुन्हा पाखडू लागली. सुपातला कोंडा उडून त्याच्या पायांवर पडत होता. तो म्हणाला,

"ते बारा खांब आता म्या मरस्तोर हलवत न्हाई. काढलेला बी परत रोवतो. बाकी तीन बाजूंला बी लोखंड नको, बांधावरच्या बाभळीच्या गाभ्याचे खांब लावतो. बिब्बा पाजायचं शिकवशील का?"

धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली आणि गोड्या तेलाची वाटी घेऊन आली.

"बिब्ब्याला हात लावायच्या आदी हे चोळून घ्यायचं, कोपरापस्तोर," ती म्हणाली. "फोड आले, तर लोक कामाला ठिवत न्हाईत."

रामकिशननं दोन्ही हात पुढं केले.