'कम' आणि 'गो'ची फुटलेली जोडी

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे आणि सध्या पुरता गोंधळलेला आहे. माझ्या डब्यात जाड पुठ्ठ्याचे तुकडे आहेत. प्रत्येकावर एक इंग्रजी शब्द आणि कडेला खाच. विरुद्ध अर्थाचा शब्द सापडला की दोन तुकडे नेमके जुळतात. चुकीची जोडी कितीही दाबा, बसत नाही. या काटेकोरपणाचा मला फार गर्व होता.

शारजात रोल्ला बाजारातल्या एका दुकानातून उर्मिलाने मला लेकीसाठी, काव्यासाठी, दुबईतल्या अल कुसैसच्या घरी आणले. पहिल्याच उन्हाळ्यात माझा गर्व उतरला. काव्या माझा 'कोल्ड' घेऊन न्हाणीघरातून आली आणि म्हणाली, "ममा, कोल्ड टॅप इज सो हॉट." गच्चीवरची टाकी तापली की इथे थंड नळालाच कढत पाणी येते. उर्मिला गीझर बंद ठेवून, त्यात घरातल्या गारव्याने निवलेल्या गरम नळाच्या पाण्याने तिला आंघोळ घालायची. मला काही समजेना.

मग साताऱ्याहून उर्मिलाचे वडील व्हिजिट व्हिसावर आले. आजोबांचे इंग्रजी बेताचे, नातीचे मराठी बेताचे. ती 'फुल' मांडायची, ते चष्मा सावरत 'एम्टी' शोधायचे. "एम्टी म्हणजे रिकामं. म्हण बघू." ती म्हणायची. मित्रांनो, तेवढे सुख मला पुन्हा मिळाले नाही.

व्हिसा संपत आला. "गुडघे असे. पुन्हा एवढा प्रवास झेपेल का, कुणास ठाऊक," आजोबा उर्मिलाला म्हणाले. काव्याने ते ऐकले आणि त्या दिवशी ती खेळलीच नाही.

निघताना दारात चपला घालत आजोबा म्हणाले, "येतो हं, बाळा."

काव्या माझे 'कम' आणि 'गो' हे दोन तुकडे घेऊन धावली. "आजोबा, दॅट्स राँग. यू आर गोइंग."

"जातो म्हणू नये गं. निघतानाही येतो म्हणावं."

"व्हाय?"

"परत यायचं असतं म्हणून."

"प्रॉमिस?"

आजोबा दुसरी चप्पल घालू लागले. "यल्ला काव्या, चल, टॅक्सी थांबलीय," उर्मिला म्हणाली. काव्याने 'कम' आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात घातला. "देन टेक धिस. ब्रिंग इट बॅक."

तेव्हापासून मी अपुरा आहे. परवा घर बदलताना उर्मिलाने तुकडे मोजले. "एक नाहीच. खलास, आता काय उपयोग?" म्हणत तिने मला कचऱ्याच्या पिशवीत टाकले. भीतीने माझे सगळे तुकडे खुळखुळले. काव्याने मला बाहेर ओढले. "इट्स नॉट लॉस्ट, ममा. इट्स विथ आजोबा."

उर्मिला तिथेच खोक्यावर बसली. तिने ओढणीने माझे झाकण पुसले आणि मला स्वतःच्या पर्समध्ये ठेवले.

आता मी नव्या घरात दारापाशी असतो. जे साताऱ्याला गेले त्यांच्याकडे 'कम' आणि जे इथे राहिले त्यांच्याकडे 'गो'. हे कसे, मला अजून उमगत नाही. पण मित्रांनो, एखादा अपुरा खेळ टाकून देण्याआधी घरातल्या लहानग्यांना एकदा विचारा, त्याचा तुकडा कुठे आहे. माझा तर येतो म्हणून गेला आहे.