परत टाकलेला बर्फ

पंकजच्या पदरात पडण्यासारखं बरंच होतं. रेल्वेच्या फोटोंची देशभरची स्पर्धा, तीत पहिला नंबर, आणि केडगावातलं 'हळदीवाला पंक्या' हे नाव कायमचं पुसलं जाणं. दहा वर्षं लग्नांचे फोटो काढून ते अंगाला चिकटलं होतं. म्हणून ऐन हंगामातल्या तिथी सोडून तो जानेवारीत काश्मीरला निघाला. रुळांवरचा बर्फ उडवणारं इंजिन टिपायला.

"नवरीला परत हसायला लावता, तसं इंजिनाला लावू नका म्हणजे झालं," रश्मीनं निघताना नवऱ्याला टोमणा मारला.

इंजिन आलं. पुढच्या लोखंडी पात्यानं पुरुषभर उंच बर्फ दोन्ही अंगांना उधळला, आणि पंकजच्या लेन्सवर नुसतं पाणी! स्टेशनातल्या शेगडीजवळ ऊब घेत ठेवलेला कॅमेरा त्यानं तसाच बाहेर आणला होता; उडालेला बर्फ गरम काचेवर पडताच वितळला. नगरच्या हिवाळ्यात हे शिकायची वेळ कधी आली नव्हती.

दुसरा कुणी कपाळावर हात मारून गप्प बसला असता. पण फोटोसाठी कितीक नवरदेवांकडून मंगळसूत्र दुसऱ्यांदा बांधून घेतलेला माणूस हा. सवयीनं ओरडला, "परत एकदा!"

फावडेवाल्यांच्या टोळीचा कंत्राटी मुकादम गुल मोहम्मद आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "मेहमान हो. चलो." त्याच्या माणसांनी साफ झालेल्या रुळांवर बर्फ परत लोटला, इंजिन मागं जाऊन पुन्हा आलं, आणि फोटो साधला.

महिन्याभरात पहिला नंबर जाहीर झाला, केडगावात सत्कार ठरला. आणि गुल मोहम्मदचा फोन आला. त्या खेळात मागची गाडी अडकून पडली होती, चौकशी लागली होती. "भाई, आपने कहा था, बस इतना लिख दो."

पंकजनं स्पर्धेचे नियम काढून वाचले. मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग बाद.

"लिहून द्या की," रश्मी म्हणाली. "खरंच आहे ना ते?"

"खरं आहे हीच तर पंचाईत आहे."

"अहो, परत वाजतोय."

"वाजू दे."

फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "पंकजशेठ, कोपऱ्यात फावडं घेतलेला माणूस हाय. ठिवायचा का?"

"काप त्याला. इंजिन मोठं दिसू दे."

सत्कार झोकात झाला. नंबर पंकजला, भाषण नगरसेवकाला, पेढे सगळ्या गल्लीला. काम गेलं ते गुल मोहम्मदचं, आणि त्याच्या शब्दावर फावडं उचललेल्या चौघांचं.