अठरा मिलिमीटरची कडी

टिंग! दुपारच्या सामसुमीत मी खिळ्यावरून निसटून स्टीलच्या डब्यावर पडले. झोळीतलं बाळ जरा चुळबुळलं आणि पुन्हा निजलं. प्रतिभाने मला पदराने पुसलं आणि नवऱ्याच्या, समाधानच्या, हातात दिलं.

मित्रांनो, मी द्राक्षं मोजायची जुनी कडी आहे. नाशिकच्या एका लहानशा कारखान्यात लेथवर माझा जन्म झाला. माझं पोट बरोबर अठरा मिलिमीटर. माझ्यात अडकेल तो मणी परदेशी जातो. खाली पडेल तो इथेच राहतो. दिंडोरीजवळच्या या मळ्यात मला दहा वर्षं झाली. चांगल्या साली समाधान मला खिशात घालून मिरवायचा. एरवी मी आपली खिळ्यावर धूळ खात असे.

यंदा डिसेंबरात मणी ज्वारीएवढे असताना सगुणाबाईंची टोळी विरळणीला आली. घडातले निम्मे मणी कात्रीने काढले, की उरलेले फुगतात. पण समाधानचा जीव होईना.

"मावशी, हळू! पीक हे ते, गवत नाय."

"भाऊ, तुम्ही बांधावर बसा. तुमच्यानं नखं तरी कापली जातात का?"

बाया खळखळून हसल्या. तरी त्याने खालच्या रांगांना कात्री लागू दिली नाही. वरच्या चार रांगा तेवढ्या प्रतिभाने हट्टाने विरळून घेतल्या.

आज सकाळी निर्यातवाल्यांचा फोन आला. "तिकडं मागणी लय हे, भाव चढलाय. अख्खा प्लॉट उद्याच काढू."

म्हणून समाधान मला घेऊन धावत बागेत आला. खालच्या रांगेतला मणी माझ्यातून टपकन पडला. दुसराही. तिसराही. मी थोडी आकसेन या आशेने तो मोजतच राहिला. मला फार वाईट वाटलं. भाव एका फोनवर वाढतो, मित्रांनो. मणी वाढत नाही. त्याचं डिसेंबरातच ठरून गेलेलं असतं. म्हणून मला काढणीलाच नको, विरळणीच्या दिवशीही डोळ्यांसमोर टांगत जा.

वरच्या रांगांतले मणी मात्र घट्ट बसले.

"चार रांगा तरी परदेशी जातील," बाळाला घेऊन मागोमाग आलेली प्रतिभा म्हणाली. टोमणा नाही, त्रागा नाही.

समाधान कसनुसा हसला. "पुढच्या साली मावशीच्या हातात कात्री, अन् माझ्या हातात नुसता चहाचा कप."

थोरली लेक हर्षाली मागे उभी राहून खाली पडलेले मणी एकेक तोंडात टाकत होती.

"आई, हे किती गोड आहेत! तिकडच्या मुलांनी लहान मणी कधी खाऊन बघितलाय का गं?"

प्रतिभाने वाकून एक लहान मणी उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.